महाराजांचा इंग्रजी रुसवा

सोनगिरीचे महाराज रुसले, आणि रुसले ते थेट इंग्रजीत!

झालं होतं एवढंच, की दुपारच्या पंगतीत भिकोबा आचाऱ्याने तव्यावरची पहिली पुरणपोळी बार्लोसाहेबांना वाढली. बार्लोसाहेब म्हणजे महाराजांना इंग्रजी शिकवणारे गोरे मास्तर. पाहुण्याला आधी वाढावं, असं बिचाऱ्या भिकोबाला वाटलं. पण सोनगिरीची रीत अशी, की पहिली पोळी सरकारांच्याच ताटात पडायची! महाराज भरल्या ताटावरून ताडकन उठले.

साधे रुसले असते, तर राणीसाहेबांनी समजूत काढली असती. पण नेमका आदल्याच दिवशी साहेबांनी रुसव्याच्या इंग्रजी शब्दांचा धडा दिलेला. ओठ पुढे काढून बसलं तर ‘पाउट’, कोपऱ्यात घुम्यासारखं बसलं तर ‘सल्क’, तोंड पाडून उसासे टाकले तर ‘मोप’, पाय आपटत निघून गेलं तर ‘हफ’. महाराजांना ते भारीच आवडलं होतं.

“आम्ही यातलं कुठलं रुसलोय ते ओळखा!” महाराजांनी फर्मावलं. “दिवेलागणीच्या आत ओळखलं नाही, तर भिकोबाने चूल विझवायची आणि सोनगिरी सोडायची!”

दिवाणजी म्हणाले, “पाउट!” महाराजांनी चटकन ओठ आत घेतले. “चूक!” सेनापती म्हणाले, “सल्क!” महाराज कोपऱ्यातून उठले आणि धाड धाड पाय आपटू लागले. “चूक!” कुणी काही म्हणो, महाराज तेवढं सोडून बाकीचं सगळं करीत. असल्या माणसाचा रुसवा कोण ओळखणार, कपाळ!

इकडे भिकोबा चुलीपुढे डोकं धरून बसला होता. इतक्या वर्षांची चूल सोडून म्हातारपणी जायचं कुठे? त्याची लेक तुळसा पदर खोचून उठली.

“आबा, रडताय काय? गरम पोळी टाका. सरकारांचं मी बघते.”

ताट, तुपाची वाटी आणि ताकाचा तांब्या घेऊन ती दरबारात शिरली आणि महाराजांपुढे पाट मांडून बसली.

“सरकार, ओळखते. पण आधी एक सांगा, रुसलेलं माणूस बोलतं का हो?”

“छे!” पडद्याआडून राणीसाहेबच म्हणाल्या. “मी रुसले की चार-चार दिवस अबोला असतो. विचारा यांना!”

“आमच्या देशात पण गप्प बसतात,” बार्लोसाहेबांनी मान डोलावली.

“अलबत!” महाराज गरजले. “खरा रुसलेला माणूस चकार शब्द काढत नाही!”

“अगंबाई! मग दुपारपासून ‘चूक, चूक’ म्हणून कोण ओरडतंय?”

दरबारात खसखस पिकली. महाराज गोरेमोरे झाले.

“ते... ते मघाचं! आता बघ, खराखुरा रुसतो. आता ओळख!” असं म्हणून त्यांनी शेला डोक्यावरून घेतला आणि ओठ गच्च मिटले.

तुळसाने घाई केली नाही. तिने पोळी ताटात ठेवली. पुरणाचा वास दरवळला, तसं शेल्याआडून एक नाक बाहेर आलं. मग एक डोळा. तुळसाने तुपाची वाटी बाजूला सारली, ताकाचा तांब्या उचलला आणि पोळीवर ओतण्यासाठी तिरपा केला.

“अगं ए! थांब!” महाराज शेला फेकून ओरडले. “पोळीवर ताक? डोकं ठिकाणावर आहे का? तूप घे, तूप! आणि जरा सढळ हाताने!”

तुळसाने तांब्या खाली ठेवला. “बोललात, सरकार! म्हणजे हा रुसवा नव्हेच.”

“मग काय आहे?” महाराजांनी दरडावलं.

“भूक! दुपारी ताटावरून उठलात, अजून पोटात कण नाही. साहेबांच्या यादीतलं एकही नाव लागणार कसं? दोन पोळ्या खा. त्या खाऊनही रुसलेलेच राहिलात, तर आबा आणि मी आत्ताच्या आत्ता गाव सोडतो!”

महाराजांनी एक घास घेतला. मग दुसरा. तिसऱ्या घासाला गाल फुगले, ते रुसून नव्हे, पोळीने! एवढ्यात त्यांना हसू आवरेना, ठसका लागला, आणि राणीसाहेबांना पडद्याआडून धावत येऊन पाणी द्यावं लागलं.

“हरलो, पोरी!” डोळे पुसत महाराज म्हणाले. “भिकोबाची चूल कायम! आणि तुला भरजरी पैठणी!”

“पैठणी नेसून चुलीपुढे कशी बसू, सरकार? त्यापेक्षा दुभती म्हैस द्या. तूप कधी कमी पडणार नाही.”

महाराज पोट धरधरून हसले आणि त्यांनी पागेमागच्या गोठ्यातली सगळ्यात दुभती म्हैस तिला देऊन टाकली.