कणगीमागे लपलेलं पातेलं

भांड्यांना वाचा होती त्या काळी कोंडूबाईंच्या घरात एक पितळी पातेलं होतं. बाहेरून चिंचेनं घासलेलं, सोन्यासारखं पिवळं. आतून मात्र कथिलाची पांढरी कल्हई. ती त्याच्या डोळ्यांत सलायची. "माझ्यासारख्या देखण्या पातेल्याला हा फिका मुलामा कशाला?" असं ते येताजाता म्हणायचं.

कल्हई झिजत आली. दारात कल्हईवाल्याची हाक ऐकू आली, तेव्हा पातेलं मुद्दाम कणगीमागे जाऊन बसलं. बाकीची भांडी कल्हई करून परतली.

पुढे एकदा जावई जेवायला आले. कोंडूबाईंनी घाईत त्याच पातेल्यात कढी केली आणि तशीच झाकून ठेवली. पानं वाढेपर्यंत ती कळकली. पहिल्याच भुरक्याला जावयांचं तोंड वाकडं झालं. सगळी कढी उकिरड्यावर गेली आणि कोंडूबाईंना मान वर करवेना.

"माझा काय दोष? ताकच आंबट होतं," पातेलं कुरकुरलं.

शेजारच्या वाडग्यातली नवी कल्हई म्हणाली, "ताक रोजच आंबट असतं, बाबा. आंबट लागलं की तुझ्यातलं तांबं अन्नात उतरतं. इतकी वर्षं मधे तुझी कल्हई होती."