तिवईखालचं पाणी

त्या राज्यात कुणालाही उगाच मारत नसत. आधी रीतसर खटला चालवायचे, मग मारायचे.

न्यायाला बसायचे माठसाहेब. तिवईवर, सगळ्यांच्या वर. कितीही तापलेलं भांडण येऊ दे, साहेब थंड. त्यांच्याकडे मान वर करून बघायची पद्धत नव्हती.

एका सकाळी तिवईखाली पाणी सांडलेलं होतं. त्यावरून बशी घसरली आणि तिचे तुकडे झाले. बशीचा कप कान तुटेल इतका रडला. "कुणीतरी गेलंच पाहिजे," म्हणाला. सगळ्यांना पटलं. कोण, ते नंतर बघता येणार होतं.

तिवईशेजारी तांब्या उभा असायचा. जुना, पितळी, पोटाला पोचा आलेला. चिमट्याने त्यालाच धरून आणलं.

"हा पोचा कसला?" चिमट्याने कोर्टात विचारलं.

"लहानपणी पडलो होतो."

"म्हणजे सवय जुनीच आहे."

सगळे हसले. तांब्याही जरा हसला. त्याला वाटलं, आता सोडतील.

"साहेब, पोचा म्हणजे काय भोक नाही," तो म्हणाला. "पाणी भरून बघा ना. गळलो तर मीच मोडीच्या पोत्यात उडी मारतो."

"भर कोर्टात पाणी भरायचं? साहेबांसमोर?" चिमटा म्हणाला.

तांब्याच्या डोक्यावर फुलपात्र पालथं बसलेलं होतं. ते खणखणलं, "तो गळत नाही हो. मी रोज त्याच्याबरोबर असतं."

"तू त्याच्याच घरातलं. गप बस."

माठसाहेबांनी शांतपणे निकाल दिला. मोडीत.

मोडीच्या पोत्यात गेलेलं भांडं भट्टीत वितळायचं. पण राज्य सुधारलेलं होतं, तिथे जल्लाद ठेवत नसत. सगळ्यांनी डोळे मिटून एकदम धक्का द्यायचा. म्हणजे कुणाच्या धक्क्याने पडलं ते कळत नाही, आणि जेवण नीट जातं.

तांब्याला ओट्याच्या कडेवर उभं केलं, खाली पोतं. डोक्यावरचं फुलपात्र काढून घेतलं.

"त्याला सावकाश ठेवा," तांब्या म्हणाला. "पोचा येईल."

मग सगळ्यांनी डोळे मिटले.

दुसऱ्या सकाळी तिवईखाली पुन्हा पाणी होतं.

सगळ्यात आधी कप आला. त्याने ते बघितलं, इकडेतिकडे बघितलं, आणि फडकं आणून पुसून टाकलं. वळला तर मागे चिमटा. त्याच्याही हातात फडकं होतं.

कोर्ट भरलं. फुलपात्र एकटंच आलं, तिवईखाली गेलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा उताणं बसलं.

वरून एक थेंब पडला. टप.

चिमट्याने पुढचा आरोपी पुकारला, जरा जास्तच मोठ्याने.

टप.

मान कुणीच वर केली नाही. सगळे आपापल्या बुडाकडे बघत उभे होते.