आडवा चालणारा बुधाजी

एक होता नवरा. राजा नाही, सरदार नाही, नुसता नवरा. नाव बुधाजी. आणि त्याची होती एक बायको, कोंडाबाई. डोंगराच्या पायथ्याला कारवीवाडी म्हणून गाव, गावाच्या कडेनं ओढा, ओढ्यात दगड आणि दगडाखाली खेकडे. काळेकुळकुळीत, पंज्याएवढे. आता गोष्ट ऐकायची आहे ना? मग आधी पाय पांघरुणात घ्या.

तर हा बुधाजी खेकड्यांपायी वेडा. पाऊस लागला की ह्याचं लक्ष शेतात नाही, गुरात नाही, सगळं ओढ्यात. उठला की "खेकडं आणू का", बसला की "रस्सा उरलाय का". कोंडाबाई बिचारी नांग्या फोडायची, बारके पाय पाट्यावर वाटायची, त्याचं पाणी फडक्यातून गाळायची, मग त्यात भाजलेल्या कांद्याखोबऱ्याचं वाटण घालून रस्सा उकळायची. हा भाताचा डोंगर करायचा, मध्ये खळं करायचा आणि ओरपायचा. कोपरापर्यंत ओघळ. वाटून वाटून कोंडाबाईचे खांदे भरून यायचे. ह्यानं कधी विचारलं नाही, की बाई, तुला उरला का.

आता कारवीवाडीत एक रीत होती, बरं का. खेकडा धरून आणला तर तो सरळ चुलीशी न्यायचा नाही. उंबऱ्यावर उताणा करायचा आणि घरच्या बाईनं त्याच्या पोटावरची झडप बघायची. झडप निमुळती असली तर तो नर. रुंद, गोल असली तर मादी. आणि मादीच्या झडपेखाली अंडी नाहीतर पिल्लं दिसली, तर ती लेकुरवाळी. तिला परत ओढ्यात सोडायचं. कारण ह्या ओढ्यातल्या खेकड्यांची पिल्लं अंड्यातून निघाली की लगेच पळत सुटत नाहीत. आईच्या पोटाला धरून बसतात. मुगाच्या डाळीएवढी असतात, पण अगदी खेकडाच, इवल्या नांग्यांसकट. म्हणून लेकुरवाळी शिजवायची नाही. बाकीचे चालतात. चांगले लागतात, तोंड वाकडं करू नकोस.

मग एकदा काय झालं, आषाढात बुधाजी सकाळपासून ओढ्यात वाकलेला, आणि हाताला काही लागेना. हा दगड उचल, तो दगड उचल, काही नाही. शेवटी एका चपट्या धोंड्याखाली सापडली एक खेकडीण. केवढी थोरली. उताणी केली, तर झडपेखाली पिल्लंच पिल्लं, नुसती वळवळत होती. बुधाजीला रीत ठाऊक होती. पण जिभेला सुटलं होतं पाणी. त्यानं मनाशी म्हटलं, ही घरी नेली तर कोंडी मला उंबऱ्यावरूनच परत पाठवणार. मग नेऊच नये. नुसत्या नांग्या न्याव्यात. नांगीला कुठं झडप असते?

बघा अक्कल. त्यानं तिथंच तिच्या दोन्ही नांग्या मोडल्या आणि तिला दिलं पाण्यात भिरकावून. त्या झटक्यानं पिल्लं सगळी सांडली, जिकडंतिकडं झाली. ह्यानं नांग्या फेट्यात बांधल्या आणि निघाला घरी.

कोंडाबाई उंबऱ्यावर उभीच होती.

"खेकडा कुठंय?"

"निसटला. नांग्या ऱ्हायल्या हातात."

कोंडाबाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. खोटं बोलताना हा मिशी चोळायचा, आणि आत्ताही चोळत होता. पण चुलीत ओली लाकडं धुमसत होती, म्हैस ओरडत होती, कोण वाद घालणार ह्या माणसाशी? तिनं रस्सा केला. मीठ बघायला तळहातावर थेंबभर घेतला, चाटला. बाकीचा टोपभर एकट्या बुधाजीनं संपवला आणि हात धुवायला म्हणून उठला.

उठला आणि भिंतीवर आदळला.

"आवं, दार हिकडं हाय," कोंडाबाई म्हणाली.

"दिसतंय मला," बुधाजी म्हणाला, आणि पुन्हा आदळला. पाय पुढं पडेनात. पडले की बाजूला. शेवटी दाराला खांदा लावून उभा राहिला, तेव्हा कुठं बाहेर पडला. पडला तो सरकत सरकत थेट उकिरड्यात. कोंडाबाईनं थेंबभरच चाटला होता, म्हणून तिच्या डाव्या पायाची करंगळी तेवढी अधूनमधून बाजूला ओढायची.

हे झालं पहिलं. नांगराला उभा केला तर बैल पुढं आणि हा आडवा, नांगर शेजारच्या रानात. शेजारी बोंबलत बांधावर आला. त्याची समजूत कोणी काढायची? कोंडाबाईनं.

मग दुसरं. बुधाजी दोन्ही हातांनी जेवायला लागला. डावा तोंडात, उजवा ताटात, उजवा तोंडात, डावा ताटात. थांबायचं नाव नाही. रागावला की तोंडाला फेस यायचा आणि त्याचे बुडबुडे फुटायचे. पाहुणे आले की कोंडाबाई त्याला गोठ्यात बसवायची. पाहुण्यांनी विचारलं की म्हणायची, ताप आलाय. खोटं बोलून बोलून ती पार वैतागली.

आणि तिसरं ऐका. एक दिवस ती पाणी भरून आली, तर मोरीपाशी मातीचा हा ढीग. बुधाजी खड्ड्यात, फक्त डोकं वर.

"आता ह्ये काय नवीन?" कोंडाबाईनं हंडा आपटला.

"काय न्हाई. ओढा आटला की आत बसायचं. तोंडाला चिखलाचं बूच लावायचं. गार वाटंल."

तशी कोंडाबाई खड्ड्याच्या काठाशी बसली. खेकडे असंच करतात, बरं का. पाणी आटलं की बिळात खोल जातात, बिळाचं तोंड चिखलानं बंद करतात आणि सबंध उन्हाळा आत गप पडून राहतात. पाऊस आला की बाहेर. पण खेकड्याचं वेगळं, माणसाचं वेगळं. माणूस एकदा आत गेला आणि बूच लावलं, की तो कसला बाहेर येतोय? कोंडाबाईला ह्या नवऱ्याचा कंटाळा आला होता, खरंच आला होता. पण तो नको होता असं नाही. तिला तो हवा होता. जमिनीच्या वर आणि सरळ चालणारा हवा होता.

मग ती उठली आणि ओढ्यावर गेली. कुठं जायचं ते तिला ठाऊक नव्हतं, पण करंगळी ओढायला लागली. करंगळी ओढेल तिकडं ती गेली, तर करंगळीनं तिला त्या चपट्या धोंड्यापाशीच आणून उभं केलं. धोंड्याखाली खेकडीण बसलेली. नांग्यांच्या जागी नुसती थोटकं.

"आलीस?" खेकडीण म्हणाली. "लई येळ लावलास."

कोंडाबाई आधीच इतकी कावली होती, की खेकडीण बोलते ह्याचं तिला नवल वाटायलाही सवड नव्हती. ती म्हणाली, "बाई, माझ्या नवऱ्याला काय केलंस तू?"

"म्या काय करनार? त्यानं माझ्या नांग्या खाल्ल्या. त्या आता त्याच्या पोटातनं त्याला चालवत्यात. त्याला मी काय करू?"

मग कोंडाबाईला सगळं कळलं. मिशी का चोळत होता तेही कळलं. ती कपाळाला हात लावून काठावर बसली.

"नांग्यांचं मला न्हाई," खेकडीण म्हणाली. "कात टाकली की पुन्हा फुटतील. आधी बारक्या, मग मोठ्या. पण माझी लेकरं सांडली की गं. कपारीकपारीत अडकल्यात. नांग्या न्हाईत तर बगळ्याला भिववू कशी? किती तरी त्यानं टिपली."

"मलाबी दोन लेकी हायत," कोंडाबाई म्हणाली. "सासरी असत्यात."

मग कोंडाबाईनं नवऱ्याचं गाऱ्हाणं सांगितलं, चांगलं लांबलचक. खेकडिणीनं ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "तुझा घरात तरी हाय. माझा एकदा भेटला, त्यो पुन्हा दिसला न्हाई."

शेवटी खेकडिणीनं उपाय सांगितला. "जी उरल्यात ती त्यानं गोळा करायची. पोटाशी धरायची. मोठी झाली की आपणहून सुटतील. समदी सुटली की त्याचं पाय सरळ. पण झटकायचं न्हाई. एक जरी झटकलं, तर त्यो माझ्यासंगं बिळात. आन ओढा आटायच्या आत झालं पायजे."

कोंडाबाईनं घरी जाऊन बुधाजीला खड्ड्यातून उपसला आणि ओढ्यावर आणला. येताना रस्ताभर बोलत होती, काय बोलली ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही. बुधाजी पाण्यात शिरला आणि पिल्लं ओरबाडायला गेला. पिल्लं पळाली. पुन्हा गेला, पुन्हा पळाली. मग कोंडाबाई म्हणाली, "आवं, पकडू नगासा. नुस्तं पडून ऱ्हावा." मग तो उथळ पाण्यात पडून राहिला, गप, धोतराचा ओचा सैल सोडून. तेव्हा कुठं एक आलं. मग दुसरं आलं. मग सगळी आली आणि ओच्याच्या चुण्यांत बसली.

आता ह्याचे हाल बघा. पालथं झोपता येईना. वाकता येईना. पिल्लं गुदगुल्या करायची, चिमटे काढायची, ह्याला ओरडायची सोय नाही. ओचा सुकला की पिल्लं कासावीस व्हायची, म्हणून कोंडाबाईनं तांब्या घेऊन सारखं पाणी घालायचं. बगळा आला की बुधाजीनं डोक्यावरचं पानांचं इरलं हलवायचं. बाया धुणं धुवायला यायच्या आणि हसून हसून त्यांचे पिळे हातातून सुटायचे. "दोन लेकी वाढवल्या," कोंडाबाई पाणी घालताना म्हणायची, "आता म्हातारपणी ह्यो एक."

श्रावण गेला. भादवा गेला. पिल्लं वाटाण्याएवढी झाली, मग सुपारीएवढी. एक दिवस एक पिल्लू ओच्यातून उतरलं आणि पाण्यात चालतं झालं. बुधाजी खूश. "एक सुटलं," म्हणाला. मग आणखी सुटली. मग रोज सुटायला लागली. पण नवल असं, की ओचा हलका होत गेला तसा बुधाजी बोलेनासा झाला. नुसता पाण्याकडं बघत बसायचा.

शेवटी राहिलं एक. सगळ्यांत बारकं. त्याचा एक पाय कधीतरी तुटलेला, आणि तिथं नवा पाय जेमतेम फुटत होता. ते काही सुटेना.

इकडं दिवाळी होऊन गेली. ओढ्याची धार करंगळीएवढी झाली. खेकडिणीनं कात टाकली होती, नव्या इवल्या नांग्या फुटल्या होत्या, आणि ती बिळाच्या तोंडाशी चिखलाचे गोळे आणून ठेवत होती. बुधाजीचे पाय त्या बिळाकडं सरकायला लागले. त्याच्या मनात नव्हतं, पायच सरकत होते.

"आवं, टिचकी मारा त्याला," कोंडाबाई म्हणाली. "एकच तर हाय. तसंबी बिळातच चाललाय तुमी. म्या पाया पडते तुमच्या."

"न्हाई," बुधाजी म्हणाला. "पाय बारका हाय अजून त्याचा. जाईल."

"कवा जाईल? बिळात गेल्यावर?"

"जाईल म्हंतो ना."

सगळा जन्म ज्यानं वाट म्हणून कशाची पाहिली नाही, रस्सा उकळेपर्यंतसुद्धा पाहिली नाही, तो आत्ता वाट पाहायला बसला. कोंडाबाईला इतका संताप आला, की तिला रडूच फुटलं. बुधाजीचा पाय बिळात गेला, गुडघ्यापर्यंत गेला. मग कोंडाबाई चिखलात बसली, दोन्ही हातांनी त्याची कंबर धरली आणि टाचा रोवल्या. पिल्लू तिच्या हाताशीच होतं. एक बोट लावलं असतं तरी पडलं असतं. तिनं नाही लावलं. रडत होती, शिव्या देत होती, आणि धरून बसली होती. आतमध्ये खेकडीणही चिखलाचा गोळा धरून थांबली होती.

ऊन कललं. तेव्हा ते पिल्लू हललं. ओच्यातून बाहेर आलं, बुधाजीच्या मांडीवर उतरलं, जरासं थांबलं. मग बारका पाय टेकवून बघितला. टेकला. मग ते आडवं आडवं चालत आईच्या बिळाशेजारी गेलं, तिथं आपल्यापुरतं भोक केलं आणि आत गेलं. बुधाजीचा पाय आपोआप बिळातून सुटला, आणि खेकडिणीनं आपल्या बिळाला बूच लावलं.

"उठा," कोंडाबाई म्हणाली. "चाला बगू."

बुधाजी उठला. त्यानं पाय टाकला. पाय सरळ पुढं पडला. दुसरा टाकला, तोही सरळ. कोंडाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि घराची वाट धरली. तर हा मागंच उभा.

"त्यानं मागं वळूनसुदिक बगितलं न्हाई गं," बुधाजी म्हणाला.

कोंडाबाई थांबली. म्हणाली, "आपल्या लेकी सासरी निघाल्या, तवा म्या दारात रडत हुते. त्या पार वळणापत्तूर मागं बगत हुत्या. तुमी आत बसून इचारत हुता, रस्सा उरलाय का."

बुधाजीनं मिशीला हात लावला नाही. घरी आला, जेवला, झोपला. आणि सकाळी उठून, कोणाला न सांगता, सरळ वाटेनं थोरल्या लेकीच्या गावाला गेला. तिथून धाकटीच्या. दोघींना माहेरपणाला घेऊनच आला.

पुढच्या पावसात खेकडे खाल्ले का? खाल्ले की. लेकी पुन्हा आल्या होत्या. खेकडे उंबऱ्यावर बघून घेतले, लेकुरवाळ्या परत सोडल्या, आणि पाट्यावर बुधाजी स्वतः बसला. वाटण जाडंभरडं झालं, रश्श्यात कचकच लागली, कोंडाबाई बोलायची ती बोललीच. पण पहिली वाटी त्यानं लेकींपुढं ठेवली, दुसरी कोंडाबाईपुढं, आणि आपण टोप निपटून खाल्ला. मग ती सगळी माणसं पोटभर जेवून सुखानं झोपली. तुम्हीही जेवलाच आहात. आता डोळे मिटा, आणि पांघरुणात मला चिमटे काढू नका.