मधमाश्यांनी निवडलेला कडा

एका डोंगराळ रानात मधमाश्यांचं एक मोहोळ होतं आणि त्या मोहोळाचा कारभारी होतं एक अस्वल. त्याला कारभारी कुणी नेमलं होतं? कुणीच नाही! त्याचं त्यानंच ठरवलेलं. नवं पोळं बांधायची वेळ आली की ते म्हणे, "तुम्ही चिमुकले जीव, उगाच कशाला डोकं शिणवता? जागा मी दाखवतो." आणि दरसाल दाखवी ती नेमकी त्याच्या हाताला लागेल अशी फांदी. मध भरला की राखणीचा वाटा म्हणून सगळं पोळं ओरबाडून खाई. आतली पिल्लं मातीत पडून मरत.

त्या मातीतल्या पिल्लांकडे पाहून एका म्हाताऱ्या मधमाशीचा जीव तीळतीळ तुटे. एके वर्षी ती सरळ अस्वलासमोर जाऊन बसली. "अस्वलमामा, यंदा जागा आमची आम्ही ठरवणार."

अस्वल पोट धरून हसलं. "अगं, तुम्हाला काय कळतंय त्यातलं? तोंडावर आपटाल!"

"आपटू की," म्हातारी म्हणाली.

मधमाश्यांची रीत अशी, की जी माशी जागा पाहून येते ती नाचून इतरांना सांगते. दोन दिवस नाच चालले, वाद झाले, रुसवेफुगवेही झाले. अखेर सगळ्यांचं एका उंच कड्यावर एकमत झालं आणि तिथं पोळं उभं राहिलं. पण आठवडाभरातच सोसाट्याचा वारा सुटला आणि अर्धं पोळं खाली कोसळलं.

अस्वल धावत आलं. पडलेला मध चाटत चाटत म्हणालं, "सांगितलं नव्हतं मी? या आता मुकाट्यानं खाली. फांदी तयार आहे."

म्हातारी म्हणाली, "चुकलंच आमचं, मामा. वाऱ्याची बाजू आम्ही पाहिलीच नाही. उद्या कड्याच्या पलीकडच्या अंगाला बांधू. पण एक सांगा, तुमच्या फांदीवर आमचं पोळं दरसाल मोडलं. तेव्हा एकदा तरी म्हणालात का, की जागा चुकली?"

अस्वल पुन्हा पडलेला मध चाटू लागलं.

दुसऱ्या दिवशी मधमाश्यांनी पलीकडे पोळं बांधलं. त्या वर्षी पहिल्यांदाच त्यांची सगळी पिल्लं पंख फुटून उडाली.

तात्पर्य : घर ज्याचं, त्यानंच त्याची जागा ठरवावी, मग तो मधमाश्यांचा थवा असो की माणसांचा देश. आपली चूक आपण सुधारतो; आपल्यावर कारभार करणाऱ्याला मात्र स्वतःची चूक ही चूक वाटतच नाही.