हरणीच्या पायाचं घुंगरू

"हरणीचं घुंगरू गप्प करून दाखव, तर तू खरा वानर!" कोल्ह्यानं डिवचलं आणि टिल्लू वानर लगेच तयार झाला. झाडंसुद्धा गप्पा मारायची, तेव्हाची ही गोष्ट. हरणीच्या मोडक्या पायाला सुगरण पाखरानं गवताची पट्टी विणली होती. पायावर जास्त भार पडला की पट्टीतलं घुंगरू वाजायचं आणि हरणी थांबायची. दुपारी तिचा डोळा लागल्यावर टिल्लूनं घुंगरात मेण कोंबलं.

उठून चालली, तर आवाजच नाही. "बरी झाले गं बाई!" म्हणत हरणी उधळली आणि पाय पुन्हा मोडला.

"माझंच काम खोटं," म्हणत सुगरण पट्टी उसवू लागली.

"मग माझ्या पायाचं काय?" पायाला तशीच घुंगराची पट्टी असलेल्या लंगड्या सशानं विचारलं.

टिल्लूला हसूच येईना. "नको उसवू, सुगरणताई. घुंगरू खरं होतं. मेण मी भरलं."