खुर्चीची चिंता

फळ्याची जागा बोलक्या पडद्याने घेतली, त्या काळची ही गोष्ट. एका वर्गात बाईंची जुनी खुर्ची अत्यंत अस्वस्थ झाली होती. पडदा शिकवू लागल्यापासून बाई तिच्यावर क्वचितच टेकत.

"आजीबाई, आता अडगळीत चला," पडदा म्हणाला. "धडा मी शिकवतो, चित्रे मी दाखवतो. बाईंना येथे काम काय उरले?"

खुर्ची कुरकुरली, "माझे राहू दे. त्या बिचाऱ्या जातील कोठे?"

तेवढ्यात शेवटचा बाक म्हणाला, "खुर्चीताई, जरा हळू बोला. पडद्याने सोडवलेले गणित चैत्रालीला कळले नाही. बाई माझ्यावर, तिच्याशेजारी बसून ते समजावत आहेत. इतक्या वर्षांत त्या इकडे प्रथमच आल्या."

आपल्या रिकामेपणाचे दुःख करावे की समाधान मानावे, हे खुर्चीला ठरवता येईना.