तिठ्यावरचं साळिंदर

आज राजा नाही आणि राणीही नाही, बरं का. आज आहे तेलीण. नाव कोंडाबाई. नवरा रावजी, दाराशी तेलाचा घाणा, घाण्याला एक बैल, आणि पोटची एकुलती एक पोर, झुंबर.

आता ही झुंबर दिसायला एवढीशी, पण तिला राग यायचा. तुम्हाला येतो तसा नाही. तुमचा राग गुळाचा खडा दिला की पळतो. झुंबरला राग आला की डोळे फिरायचे, दातखीळ बसायची, अंगाला कुणाचा हात खपायचा नाही. भिंतीवर डोकं आपटायची. वेणी जरा ओढली, की राग. भाकरीचा तुकडा मोडला, की राग. काहीच झालं नाही, तरी राग. मग निवली की आईच्या पदरात तोंड खुपसायची आणि हुंदके देत म्हणायची, "आये, मला नव्हतं गं तसं करायचं."

कोंडाबाई म्हणायची, "ठाऊक आहे मला."

शेजारच्या घरात आत्याबाई राहायची. रावजीची थोरली बहीण. ती दारातनं ओरडायची, "आईनंच लाडावून ठेवलीय! माझ्याकडं द्या चार दिवस, सुतासारखी सरळ करते."

कोंडाबाई काय गप्प बसणारी? म्हणायची, "वन्सं, तुमची सून तुमच्या तोंडापायी माहेरी बसलीय. आधी तिला आणा, मग माझी पोर न्या."

मग एकदा काय झालं, झुंबरनं तेलाची भरली घागर लाथेनं उलथली. अंगणभर तेल. कोंडाबाईनं राख टाकून टिपलं. मग आत्याबाई तिला धरायला गेली, तर तिच्या मनगटाला असा चावा घेतला की बांगडी फुटली. कोंडाबाईनं हळद लावून बांधलं. मग तिसऱ्यांदा झुंबरनं चुलीतलं जळतं लाकूड उचललं आणि पाटलाच्या कडब्याच्या गंजीत टाकलं. गंजी गेली. वारा पडला होता म्हणून गाव राहिलं.

मग पाटील दारात आला. माणूस वाईट नव्हता हो. पण बायको गेल्यापासनं दगड झाला होता. त्याच्या डोळ्यांतनं तेव्हाही टिपूस आलं नव्हतं म्हणतात. तो म्हणाला, "कोंडाबाई, पोरीला बरी कर. नाहीतर साखळीनं बांध. दोन्ही जमत नसेल तर पोर घेऊन गाव सोड."

मग आत्याबाईनं देवरुषीण आणली. कोंडाबाईला हे पसंत नव्हतं. पण ती थकली होती. अंगावर चाव्यांचे वण, डोळ्याला डोळा नाही, आणि वर अख्ख्या गावाची बोलणी. माणूस थकलं की हो म्हणतं. तीही हो म्हणाली.

तिन्हीसांजेला देवरुषिणीनं पत्रावळीवर दहीभात घेतला, वर लिंबू ठेवलं, आणि झुंबरवरनं डोक्यापासनं पायापर्यंत तीनदा उतरलं. म्हणाली, "हा उतारा गावाबाहेरच्या तिठ्यावर ठेव. पोरीचा सगळा राग यात आलाय. ठेवलास की मागं बघू नकोस. आणि टाकलेलं परत उचलायचं नाही."

कोंडाबाईनं ठेवला. मागं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी झुंबर उठली ती गप्प. वेणी घातली, गप्प. भाकरी मोडली, गप्प. गाव खूश! आत्याबाईनं घरोघर गूळ वाटला. पाटील म्हणाला, "चला, सुटलो."

पण कोंडाबाई बघत होती.

रावजीनं बैलाच्या शिंगावर आपलं पागोटं ठेवलं आणि बैलाला पाटील म्हणून रामराम घातला. या गमतीला झुंबर पोट धरून हसायची. आता हसली नाही. मग तिच्या पायात बाभळीचा काटा घुसला, तर तशीच चालत राहिली. सारवलेल्या जमिनीवर रक्ताचे ठिपके, आणि हिला पत्ता नाही. कोंडाबाईनं काढला, पण टोक आतच मोडून राहिलं. मग एक दिवस गल्लीत वळू सुटला. सगळी पोरं पळाली. झुंबर मधोमध उभी. वळू आला, मान खाली घातली, तरी ही उभीच! कोंडाबाईनं झेप घेऊन तिला ओढलं आणि ओरडली, "अगं, किंचाळायचं तरी! आईला हाक तरी मारायची!"

झुंबर म्हणाली, "बरं, बाई."

बाई म्हणाली, बरं का. आये नाही.

 कोंडाबाईनं ओचा खोवला. रावजीला म्हणाली, "पोरीजवळ बसा. मी जाऊन येते."

"कुठं गं?"

"तिठ्यावर. आपण राग म्हणून पोरच टाकून आलोय."

रावजी म्हणाला, "टाकलेलं उचलायचं नसतं म्हणतात."

"म्हणू देत," कोंडाबाई म्हणाली.

भर दुपार होती. ऊन मी म्हणत होतं. तिठ्यावर बाभळ, आणि बाभळीखाली गावानं आजवर उतरून टाकलेलं सगळं बसलेलं. कुणाचा खोकला बेडूक होऊन बसला होता. कुणाची भीती ससा होऊन थरथरत होती. एक पांढरा बगळा मान खाली घालून उभा होता. आणि मधे एक म्हातारी उताऱ्याचा दहीभात खात बसली होती.

म्हातारी म्हणाली, "वाट चुकलीस काय गं? इथं लोक टाकायला येतात. न्यायला कुणी येत नाही."

"मी आलेय. माझ्या पोरीचा राग द्या."

म्हातारीनं बोट दाखवलं. झुडपात एक साळिंदर फणफणत होतं. अंगभर काटे, काटे ताठ. आणि नीट बघितलं तर काय? एका काट्याला झुंबरचं हसू दवासारखं लोंबत होतं. एकाला दुखलंखुपलं. आणि पार मानेजवळच्या काट्याला 'आये' ही हाक.

कोंडाबाई व्यवहाराची बाई. म्हणाली, "आजी, हसू द्या, हाक द्या. काटे तुम्हाला ठेवा."

"काढून बघ की."

कोंडाबाईनं हाकेचा काटा धरून ओढला. साळिंदर झुंबरच्या आवाजात असं किंचाळलं की बाभळीवरची पाखरं उडाली. काट्याच्या मुळाशी रक्त आलं. कोंडाबाईनं हात मागं घेतला.

"मग सगळंच नेते," ती म्हणाली.

"ने. पण पोत्यात घालायचं नाही. तोंड बांधायचं नाही. आणि घर येईस्तोवर खाली ठेवायचं नाही. ठेवलंस की ते रानात गेलं, कायमचं."

कोंडाबाईनं साळिंदर उचललं आणि छातीशी धरलं.

मग ओढा आला. ओढ्यात साळिंदरानं काटे फुलवले. चोळी रक्तानं भिजली. कोंडाबाई म्हणाली, "टोच. टोच हवं तेवढं." आणि पाण्यातनं चालत राहिली.

मग चढ आला. चढावर साळिंदर झुंबरच्या आवाजात बोललं, "तू वाईट आहेस. मला तू नको. तू मर." हे काट्यांपेक्षा जास्त लागलं हो. कोंडाबाईला एकदा वाटलं, ठेवावं खाली. जरा श्वास घेऊ दे मला. तिनं वाटेवरच्या एका बाभळीला पाठ टेकली, उभ्या उभ्या रडून घेतलं, साळिंदर काही सोडलं नाही. मग म्हणाली, "तुला मी नको ना? बरं. मला तू पाहिजेस." आणि चढ चढली.

मग वेस आली. वेशीत आत्याबाई आणि निम्मं गाव आडवं उभं. आत्याबाई ओरडली, "कोंडे, टाक ते! मागं फिर!"

कोंडाबाई म्हणाली, "सरका. काटे लांब आहेत. कुणाच्या कुठं जातील ते माझ्या हातात नाही."

गाव सरकलं. आत्याबाई सगळ्यात आधी.

घरी झुंबर उंबऱ्यावर बसली होती, भिंतीकडं बघत. कोंडाबाईनं साळिंदर तिच्या मांडीत ठेवलं. ते हुंगलं, वळलं, आणि पाण्यात मीठ विरावं तसं तिच्या छातीत विरून गेलं. झुंबरनं मोठा श्वास घेतला. शेजारची पितळी उचलून भिंतीवर फेकली. आणि किंचाळली, "आये! पायात काटा घुसलाय, आणि तू होतीस कुठं?"

कोंडाबाई रडत रडत हसत सुटली. मांडी घालून बसली आणि पोरीच्या पायातला काटा काढला. पोर लाथा मारत होती, तरी काढला.

मग पाटील आला. मागं गाव. "कोंडाबाई, मी काय सांगितलं होतं?"

कोंडाबाई रक्तानं माखलेली तशीच उभी राहिली. म्हणाली, "पाटील, पोर बांधणार नाही. गावही सोडणार नाही. हिच्या हातात पुन्हा जळतं लाकूड येणार नाही, ते माझ्याकडं लागलं. हिनं काही मोडलं तर मी आणि रावजी येऊन नीट करून देऊ. पण ही इथंच राहणार, आख्खी राहणार. आणि एक सांगू? बाभळीखाली एक पांढरा बगळा आहे. पाटलीणबाई गेल्या तेव्हा तुमच्यावरनं पण उतारा टाकला होता ना? तुमचं रडू तिथं उभं आहे. फार वाळलंय हो ते."

पाटील तसाच वळला आणि तिठ्याच्या वाटेला लागला. संध्याकाळी त्याच्या माडीवरनं रडण्याचा आवाज आला. गावानं ऐकला आणि आपापली दारं हळूच लोटून घेतली. त्यानंतर पाटलानं गाव सोडायची गोष्ट काढली नाही.

मग झुंबर शहाणी झाली का? छे! राग यायचाच. पण आता राग आला की कोंडाबाई चूल झाकायची, जड वस्तू उचलून ठेवायची, आणि हातभर अंतरावर बसायची. मारायची नाही, उठून जायची नाही. म्हणायची, "मी इथं आहे." कधी झुंबर लगेच निवायची, कधी अर्धा दिवस लागायचा. कोंडाबाई बसायची. दमली की रावजी बसायचा. एकदा तर आत्याबाई बसली, हात पदराखाली लपवून!

हळूहळू झुंबरला राग यायच्या आधी कळायला लागलं. मग ती स्वतःच येऊन सांगायची, "आये, काटे यायलेत." की दोघी मिळून बसायच्या. अशीच ती मोठी झाली. हसली, भांडली, पुन्हा हसली. सगळी त्याच गावात सुखानं नांदली.

चला, संपली गोष्ट. डोळे मिटा आता. आज ज्यांना काटे आलेत त्यांनी माझ्या कुशीत यायचं. बाकीचे भिंतीकडं सरका.